ज्याचं दुखणं, त्याचं गाणं

आधीच सांगतो, हे मी हौसेनं लिहीत नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी गळ्यात घातलंय. म्हणाले, "मामा, संकटात स्तुती-आराधनेनं माणसाला काय बळ मिळतं, यावर तुम्ही लिहा." मी म्हटलं, मंडळीत दोन प्रोफेसर आहेत, एक वकीलबाई आहे, त्यांना धरा. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. आयुष्यभर नाशकात पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. ह्या गल्लीचं चालू, त्या गल्लीचं बंद.

तर म्हणाले, "प्रोफेसरांनी लिहिलेलं कुणी वाचत नाही, मामा!"

आता ही माझी स्तुती की त्यांची निंदा, देव जाणे. लिहायला बसलो.

किस्से काय, ते साठतातच. घरातल्या प्रार्थनासभेच्या दारात चपला साठतात तसे. आत गाणी चालू असतात तोवर कुणाचं लक्ष नसतं. बाहेर येऊन बघावं तर हा ढीग, आणि कुठली कुणाची काही कळत नाही! मी हाताला लागतील तशा उचलतो. डावी-उजवी तुमची तुम्ही जुळवा.

आम्ही चौघं. गुरुवारची मंडळी म्हणतात आम्हाला. शरणपूर रोडच्या मागच्या अंगाला राहतो सगळे. एस्तेरबाई, दवाखान्यातल्या रिटायर सिस्टर, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसतात. शमुवेल मास्तर पेटी वाजवतात, बोलतात कमी आणि सुस्कारे जास्त. मी ढोलकीवर. आणि चौथी माझी बायको, मार्था. गाणं खरं तिचं. एस्तेरबाई मोठ्यानं म्हणायच्या, मार्था गायची. हा फरक मी एस्तेरबाईंना तोंडावर सांगितलेला आहे.

'गायची' म्हणतो, कारण गेला पावसाळा सरता सरता तिला लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. डोळे पहिल्यासारखेच, मला दटावणारे. पण तोंडातून शब्द नाही. ही पुन्हा बोलेल का, हा एकच प्रश्न तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. त्याचं पुढे सांगतो. आधी आमचा नियम सांगायला पाहिजे.

दर गुरुवारी संध्याकाळी आजाऱ्याच्या, दुःखातल्या माणसाच्या घरी जायचं आणि गायचं. पण गाणं कुठलं, ते त्या माणसानंच सांगायचं. आपण निवडायचं नाही. एस्तेरबाईंचा नियम. त्या म्हणायच्या, "आजारी माणसाला सगळे हुकूम सोडतात. हे खा, ते नको, झोप, कूस बदल, तोंड उघड. निदान देवाला काय म्हणायचं, ते तरी त्याला ठरवू द्या की!"

ऐकायला गोड वाटतो ना नियम? मग ऐका.

*

मनमाडचे एक रेल्वेतले रिटायर गार्ड, पीटरभाऊ. बायपाससाठी नाशकात आणलेले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. आम्ही संध्याकाळी वॉर्डात गेलो. पेटी नेऊ दिली नाही, ढोलकी तर नाहीच. मी आपला मांडीवर बोटं वाजवत.

एस्तेरबाईंनी विचारलं, "भाऊ, कुठलं म्हणू?"

पीटरभाऊंनी डोळे मिटले आणि गाणं सांगितलं. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ते गाणं आमच्यात फक्त कबरस्तानात म्हणतात. माती टाकायच्या वेळेला!

त्यांची बायको उसळलीच. "अहो, अजून कापलं नाही तुम्हाला! दुसरं काही सुचलं नाही का?"

"अगं, चाल बघ ना त्याची," पीटरभाऊ म्हणाले. "दर वेळी दुसऱ्याच्या मातीला ऐकावी लागते. रडारडीत नीट ऐकू येत नाही. एकदा मला निवांत ऐकू दे."

नियम म्हणजे नियम. म्हटलं आम्ही. हळू आवाजात, चारही कडवी. बाहेर दिवस मावळत होता, खिडकीच्या काचेवर नारिंगी उजेड सरकत होता, आणि खरं सांगतो, माती टाकताना जे गाणं जड वाटतं ते तिथं कापसासारखं तरंगत होतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस कण्हायचा थांबला. पीटरभाऊंच्या तोंडावर असं काही आलं, जसं गाडी वेळेवर स्टेशनात शिरतेय आणि आता फक्त झेंडा दाखवायचाय.

मग धावत आली ड्यूटीवरची नर्स. ती निघाली आमच्यातलीच, मंडळीतली! दारात उभी राहून छातीला हात लावून म्हणाली, "कोण गेलं?"

पीटरभाऊंनी हात वर केला. "मी. पण उद्या सकाळी. आठ वाजता नेणार आहेत."

आहेत अजून. ठणठणीत आहेत. नाताळला केक पाठवतात.

*

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहायच्या. बौद्ध घर, मुलगा क्लार्क, सून शिक्षिका. आजींचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. गल्लीत कुणाकडे गायलो की आमची गाणी त्यांना ऐकू जायची. एकदा सुनेनं येऊन विचारलं, "सासूबाई म्हणतात, त्यांच्याकडे का नाही येत तुम्ही?"

गेलो. बसलो. एस्तेरबाईंनी सवयीनं विचारलं, "आजी, कुठलं म्हणू?"

आजी म्हणाल्या, "आमच्या वस्तीत जयंतीला म्हणायचो ते. मिरवणुकीचं."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. एस्तेरबाई घोटाळल्या. मला म्हणाल्या, "दादा, आपण तर देवाची स्तुती करायला आलोय. हे कसं म्हणायचं?"

तेव्हा मार्था बरी होती. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "घर कुणाचं? त्यांचं. हाड कुणाचं मोडलंय? त्यांचं. मग गाणं तुमचं कसं काय?"

आणि तिनंच सुरू केलं! तिचं बालपण तसल्याच वस्तीत गेलेलं, सगळे शब्द पाठ. मी ढोलकीवर मिरवणुकीचा ठेका धरला. आजी पडल्या पडल्या बोटांनी ताल देत होत्या. खोलीत अगरबत्तीचा धूर, वर पंखा संथ फिरतोय, आणि मार्थाचा आवाज त्या धुरातून वळणं घेत वर जातोय. माझे हात वाजवत होते, पण मी कुठं होतो ते मला सांगता यायचं नाही.

आजी झोपून गेल्या. महिन्यात पहिल्यांदा गोळीशिवाय झोपल्या, असं सून म्हणाली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मामा, ते गाणं आराधनेत बसतं का?"

मी म्हटलं, "ते मला नाही ठाऊक. आजी झोपल्या. तुमच्या प्रवचनात लोक झोपतात तशा नाही, सुखानं झोपल्या."

*

पाळकसाहेबांचं नाव निघालंच आहे तर कीबोर्डचं सांगून टाकतो.

शमुवेल मास्तरांच्या पेटीतला एक सूर अडकतो. भाता हलवला की तो आपला वाजतच राहतो, घरातल्या म्हाताऱ्यासारखा. पाळकसाहेबांना दया आली. त्यांनी तरुण संघाचा जुना कीबोर्ड मास्तरांना दिला. म्हणाले, "सर, यात सगळं आहे. बासरी आहे, व्हायोलिन आहे, तबला आहे."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. तो मी ऐकला होता. पाळकसाहेबांनी ऐकला नाही.

पुढचाच गुरुवार. एका घरी कर्ता माणूस अचानक गेलेला. बायको भिंतीला टेकून बसलेली. माती झाल्यापासून ना रडली, ना जेवली. नुसती समोर बघायची. तिनं पुटपुटत एक गाणं सांगितलं. अगदी संथ, शोकाचं. मास्तरांनी बटण दाबलं.

धडाड्-धूम, धडाड्-धूम! लग्नाच्या वरातीचा ठेका सुरू!

मास्तर घामाघूम. दुसरं बटण दाबलं, तर ठेका दुप्पट वेगात. तिसरं दाबलं, त्यात शिट्ट्या यायला लागल्या. एस्तेरबाई म्हणाल्या, "वायर काढा, वायर!" वायर काढली तरी चालूच, आत सेल होते.

मी उठलो, त्याच्यावर उशी दाबणार, तोच भिंतीजवळून आवाज आला. "राहू द्या."

सगळे गप्प. कीबोर्ड सोडून.

"ह्यांना असलंच आवडायचं," ती बाई म्हणाली. "वरात दिसली की गाडी बाजूला लावून नाचायचे. लाज आणायचे मला." आणि तिला आधी हसू आलं, त्याच्या मागोमाग रडू. किती तरी वेळ दोन्ही एकदमच चाललं होतं.

ते शोकाचं गाणं आम्ही वरातीच्या ठेक्यावर म्हटलं. नियम म्हणजे नियम. निघताना तिनं मास्तरांना विचारलं, "शिट्टीवालं बटण कोणतं हो?"

*

एकदा सुरगाण्याकडे गेलो होतो. जीपवाला आम्हाला सोडून, संध्याकाळी न्यायला येतो म्हणून निघून गेला. डोंगरात एक पाडा आहे, तिथं कुडाची प्रार्थनेची खोली. एका बाईनं निरोप पाठवलेला. नवरा आणि थोरला मुलगा द्राक्षाच्या कामाला खाली गेलेले, त्यांचा पत्ता नाही, नागली, म्हणजे आपली नाचणी, पावसानं झोपवलेली, आणि ती अंगात ताप घेऊन घर सांभाळतेय.

एस्तेरबाईंनी विचारलं, "बाई, कुठलं गाणं?"

ती म्हणाली, "मीच म्हणते. तुम्ही मागून म्हणा."

तिची भाषा कोकणी वळणाची, आम्हाला निम्मी कळायची. ती एक ओळ म्हणायची, आम्ही तीच म्हणायचो. हळूहळू ध्यानात आलं, ती देवाचे उपकार मानत होती आणि एकेकाचं नाव घेत होती. समोरच्या डोंगराचं नाव. त्याच्या मागच्या डोंगराचं नाव. ओढ्याचं. शेळीचं. शेळीच्या करडाचं. चुलीचं. मडक्याचं. आडव्या झालेल्या नागलीचंसुद्धा!

खाली दरीतून धुकं वर यायला लागलं. ज्याचं नाव घ्यावं ते तेवढ्यापुरतं धुक्यातून बाहेर यायचं आणि परत आत जायचं, असं मला वाटत होतं. मास्तरांनी पेटी मिटून ठेवली होती. टाळ्या तेवढ्या वाजत होत्या. एस्तेरबाईंचे डोळे मिटलेले, झोपल्या होत्या की काय कळेना, पण ओळ बरोबर उचलत होत्या.

मी शेवटी विचारलं, "बाई, हे गाणं संपतं कधी?"

"तुमची जीप आली का थांबते," ती म्हणाली.

मी मागं वळून बघितलं. जीप केव्हाच आली होती. ड्रायव्हर चपला काढून माझ्या मागं बसला होता आणि त्याच्या गावच्या डोंगराचं नाव कधी येतंय त्याची वाट बघत होता!

*

आता आमच्या घरचं.

मार्था दवाखान्यातून घरी आली तसा आमचाच नंबर लागला. गुरुवारची मंडळी माझ्याच ओसरीवर. तिला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. एस्तेरबाईंनी विचारलं, "मार्था, कुठलं म्हणू गं?"

विचारलं आणि जीभ चावली. सांगणार कशी?

मग एस्तेरबाई एकेका गाण्याचं नाव घ्यायला लागल्या. "हे म्हणू?" मार्था डावा हात हलवायची. नको. "हे?" नको. नाताळाची झाली, पुनरुत्थानाची झाली, लग्नातली झाली. नको, नको, नको. आणि तिनं सांगितल्याशिवाय म्हणायचं नाही. तिच्याच घरी नियम कसा मोडणार? पेटी उघडून, प्रार्थना करून, चहा पिऊन मंडळी परत जायची. दर गुरुवारी हेच.

मास्तरांनी नुसत्या चाली वाजवून बघितल्या. नको. पाळकसाहेबांनी तरुण संघ आणला, गिटार, ड्रम, डोळे मिटून डोलणारी पोरं. मार्थानं डाव्या हातानं पदर ओढून तोंड झाकून घेतलं. मलाही तेच करावंसं वाटत होतं, पण मला पदर नव्हता.

तिला हवं होतं काही तरी, हे नक्की. डोळ्यांत दिसायचं. आम्हाला सापडत नव्हतं.

व्यायाम करून घ्यायला यायची ती मुलगी म्हणायची, "आजोबा, वेळ लागेल. बोलत राहा त्यांच्याशी." मी काय बोलणार? चाळीस-पन्नास वर्षं ती बोलली आणि मी हूं म्हटलं. आता हूं कशाला म्हणायचं?

एका दुपारी पाळकसाहेब एकटेच आले. म्हणाले, "मामा, या काळातही स्तुती सोडू नका."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, गावातली शंभर तोंडं बंद करण्याजोगी आहेत, माझ्यासकट. ते सोडून देवानं नेमकं गाणारं तोंड बंद केलं. आणि वर त्यालाच स्तुती पाहिजे? हा कुठला न्याय?"

मला वाटलं, आता बायबलातलं वचन काढतील. काढलं नाही. खाली मान घालून म्हणाले, "मला नाही माहीत, मामा." आणि आत जाऊन मार्थाला चमच्यानं पेज भरवत बसले. सगळी वाटी. तिच्या ओठाच्या कडेनं सांडलेली रुमालानं पुसत.

त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला. थोडासा.

*

शेवटचं सांगतो आणि लेखणी ठेवतो.

यंदाचा उन्हाळा. कुंभमेळ्याच्या कामासाठी नाशकातला एक रस्ता धड ठेवलेला नाही. त्या गुरुवारी आमच्या गल्लीचं तोंडच खणून ठेवलेलं, त्यात पाण्याचा पाइप फुटलेला. एस्तेरबाईंचा फोन आला, "दादा, रिक्षावाला पुढं यायला तयार नाही. मास्तर पेटी घेऊन चिखलातून कसे येणार? कुठून वाट सापडते का बघतो, नाहीतर आज राहू द्या."

मार्था तयार होऊन बसलेली. शेजारच्या बाईनं निळं लुगडं नेसवलेलं, केस विंचरलेले. खुर्ची दाराकडे तोंड करून. उन्हं कलली. समोरच्या कडुलिंबाची सावली अंगणातून सरकत सरकत तिच्या पायांपर्यंत आली. ती दाराकडे बघत होती. मी म्हटलं, "आज कुणी येत नाही." तरी ती दाराकडेच बघत होती.

आता मला काय झालं ते सांगता येत नाही. मी ढोलकी ओढली आणि गायला लागलो.

मी गात नाही. कधीच नाही. लग्न होऊन पहिल्या रविवारी देवळात मी तोंड भरून गायलो होतो. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये एवढी वाट, आणि पुरुषांची दाटी. तरी हिनं माझा आवाज नेमका ओळखला! उपासना सुटल्यावर पायरीवर बसून ही हसली, तोंडात पदर कोंबून हसली. म्हणाली, "अहो, तुम्ही ढोलकी शिका." शिकलो. तेव्हापासून देवळात मी ओठ मिटून उभा असतो.

तर गायला लागलो. मला येतं ते एकच, आमच्या मंडळीतल्याच कुणी तरी रचलेलं, सगळ्या पोराटोरांना येतं ते.

"तुझ्या सावलीत, प्रभू, माझी दुपार सरू दे..."

हे गाणं एस्तेरबाईंनी तिला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तिनं हातानं नको म्हटलं होतं.

आवाज कुठल्या कुठं चालला होता. मी डोळे मिटले आणि पुढं रेटलं. तेवढ्यात खुर्चीकडून चमत्कारिक आवाज आला. खरखर, मग उचकीसारखं काही. मला वाटलं, दुसरा झटका! ढोलकी टाकून उठलो.

ती हसत होती.

अर्धं तोंड हसत होतं, अर्धं तसंच. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी.

"हसायला काय झालं?" मी ओरडलोच. "एवढा गातोय मी!"

तिनं डावा हात गुडघ्यावर ठेवला. एक, दोन, ताल दिला. पहाटे व्हॉल्व्ह उघडला की पाइपात आधी नुसती हवा येते, सुस्कारते, खोकते, आणि मग लांबून पाणी चालत आल्याचं ऐकू येतं. तसं झालं.

"सांज होता दारी माझ्या दिवा तुझा उरू दे..."

सबंध ओळ. सगळे शब्द. सूर जिथल्या तिथं.

मी पुढची ओळ उचलली. तिनं हात वर करून मला थांबवलं आणि तीच ओळ परत म्हटली, नीट.

दारात एस्तेरबाई आणि मास्तर उभे होते. घोट्यापर्यंत चिखल, पेटी मास्तरांच्या डोक्यावर. कधी आले कोण जाणे. एस्तेरबाईंनी हल्लेलूया म्हणायला तोंड उघडलं, मी बोट दाखवून गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या गप्प बसल्या. सावली सगळ्या अंगणभर झाली होती.

गाणं संपलं. एस्तेरबाई हळूच खुर्चीपाशी बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि डोळे पुसत विचारलं, "मार्था, याकोबदादांनी बरं म्हटलं का गं?"

मार्थानं माझ्याकडे बघितलं. जीभ टाळ्याला लावायला तिला फार कष्ट पडले. ओठ वाकडे झाले. आम्ही तिघंही पुढं वाकलो.

"नाय," ती म्हणाली.

तर पाळकसाहेब, हे घ्या तुमचं लिहून. छापणार असाल तर तिचं नाव सगळं छापा, म्हणजे पुढं वाद नको. दोन वेळा हसली, एकदा देवळाच्या पायरीवर आणि एकदा माझ्याच घरात, आणि अजूनही जिनं माझी माफी मागितलेली नाही, ती बाई: सौ. मार्था याकोब साळवे.